भात कधी खायचा? वजन उतरवताना वेट ट्रेनिंगच्या आगेमागे कार्ब कसे बसवायचे

वजन उतरवायचं ठरलं की आपल्याकडे पहिला बळी जातो रात्रीच्या भाताचा. दुसरा सकाळच्या पोह्यांचा. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जिममधलं लोखंड अचानक जड व्हायला लागतं. ६० किलोच्या स्क्वॉटचे (खांद्यावर बार घेऊन काढलेल्या बैठकांचे) आठ रेप, म्हणजे आवर्तनं, सहज निघायचे, तिथे पाचव्याला गुडघे थरथरतात. माणूस म्हणतो, वय झालं आता. वय तीन आठवड्यांत होत नसतं.

मी या फेऱ्यातून दोनदा गेलोय. पहिल्यांदा भात, पोळी, फळं सगळं एकदम तोडलं आणि ८४ वरून ७७ वर आलो. सोबत ताकदही उतरली, जिमला जाणं नकोसं झालं आणि वर्ष संपायच्या आत ८३ वर परत. दुसऱ्यांदा तेवढंच वजन उतरवलं, पण रोज भात खाऊन. फरक इतकाच की तो भात कुठल्या वेळेला ताटात येईल ते ठरवलं होतं. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: कार्ब, म्हणजे कर्बोदकं, वाढवायचे नाहीत, सरकवायचे आहेत. जिथे काम आहे तिथे.

कोठार कुठे असतं

भात, पोळी, फळं यांतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. साठा दोन ठिकाणी असतो. यकृतात साधारण ८० ते १०० ग्रॅम, आणि सगळ्या स्नायूंत मिळून ३०० ते ५०० ग्रॅम. स्नायूंतला साठा दुसऱ्या कोणाला उसना दिला जात नाही, आणि पुढचा अर्धा लेख याच मुद्द्यावर उभा आहे. यकृतातला साठा रक्तातली साखर सांभाळतो, म्हणून रात्रभर झोपेत तो बराच उतरतो. स्नायूतला साठा मात्र त्या स्नायूचाच. मांडीतलं ग्लायकोजेन रक्तात परत येत नाही, ते मांडीनेच वापरायचं.

१९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने दमेपर्यंत पॅडल मारलं. दुसरा पाय स्वस्थ. पुढचे तीन दिवस भरपूर कार्ब खाल्ले आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. काम केलेल्या पायात ग्लायकोजेन स्वस्थ पायाच्या जवळपास दुप्पट साठलं होतं. माणूस तोच, ताट तेच. ज्या स्नायूने काम केलं त्यानेच खाल्लेलं ओढून घेतलं.

वेट ट्रेनिंगच्या एका चांगल्या सत्रात, काम केलेल्या स्नायूतलं साधारण २५ ते ४० टक्के ग्लायकोजेन खर्च होतं. कोठार रिकामं होत नाही. म्हणूनच जिममध्ये ऐकू येणारं ‘लगेच केळं खा नाहीतर मसल जळेल’ हे खरं नाही. पण कमी खाण्याच्या काळात कोठार भरलेलंच नसतं. अर्ध्या कोठारातून ४० टक्के गेले की जे उरतं त्यावर शेवटचे दोन सेट ओढणं अवघड.

पहिलं काम: दिवसाचा आकडा

वेळ हा तिसऱ्या क्रमांकाचा मुद्दा आहे. पहिला एकूण कॅलरी, दुसरा प्रथिनं. हे दोन बसले नसतील तर केळं व्यायामाआधी खाल्लं की नंतर, याने काही फरक पडत नाही. जिम सुरू करून दोन-तीन महिनेही झाले नसतील, तर पुढचं सगळं सध्या बाजूला ठेवा. नियमित जा, प्रथिनं पुरेशी घ्या. त्या काळात ताकद तशीही वाढते.

आकडा काढायचा तो असा. एक ८० किलोचा, ऑफिसात बसून काम करणारा, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलणारा माणूस घेऊ. वजन स्थिर ठेवायला त्याला अंदाजे २,४०० कॅलरी लागतात (किलोमागे ३०). त्यातून ४०० वजा केल्या, उरल्या २,०००.

प्रथिनं: लक्ष्य वजन ७० किलो धरून किलोमागे १.८ ग्रॅम, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम. या ५०० कॅलरी झाल्या.

चरबी: ६० ग्रॅम, ५४० कॅलरी. फोडणीचं तेल, पोळीवरचं तूप, शेंगदाण्याचा कूट, सगळं यातच.

उरलेल्या ९६० कॅलरी कार्बच्या. चारने भागा: २४० ग्रॅम.

आश्चर्य वाटलं ना? वजन उतरवणाऱ्या माणसाला रोज २४० ग्रॅम कार्ब! ही दहा-बारा पोळ्यांइतकी कर्बोदकं आहेत. अर्थात सगळी पोळीतून येत नाहीत. डाळ, उसळ, दूध, फळं यांचा वाटा मोठा असतो. ६४ किलोच्या, कमी चालणं असलेल्या बाईसाठी हाच हिशेब १,५०० कॅलरी, १०० ग्रॅम प्रथिनं, ५० ग्रॅम चरबी आणि सुमारे १६० ग्रॅम कार्ब असा बसतो. हे अंदाज आहेत. दोन आठवडे वजनकाटा काय सांगतो ते पाहून आकडा दुरुस्त करायचा.

घाई करू नका. नॉर्वेत खेळाडूंवर झालेल्या २०११ च्या एका अभ्यासात दर आठवड्याला शरीराच्या ०.७ टक्के वजन उतरवणारा गट आणि १.४ टक्के उतरवणारा गट यांची तुलना केली होती. दोघेही वजनं उचलत होते. सावकाश गेलेल्यांनी चरबी घटवता घटवता स्नायू वाढवले, घाईतल्यांना ते जमलं नाही. ८० किलोच्या माणसासाठी ०.७ टक्के म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो.

ताटातला कार्ब ओळखायचा कसा

‘दोन पोळ्या’ हे माप नाही. माझ्या आईची पोळी आणि ऑफिसच्या कँटीनची चपाती यांत दीडपट फरक आहे. स्वयंपाकघरात एक डिजिटल वजनकाटा ठेवा आणि एकदाच हे करा: ३०० ग्रॅम कोरडी कणीक मोजून भिजवा, त्यात किती पोळ्या होतात ते पाहा. दहा झाल्या तर एका पोळीत ३० ग्रॅम कणीक. पुन्हा मोजायची गरज नाही, हात तोच असतो.

ढोबळ आकडे असे. ३० ग्रॅम कणकेची पोळी: २० ग्रॅम कार्ब. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी: ४० ग्रॅम. भात नेहमी कच्च्या तांदळावर मोजा. ५० ग्रॅम तांदळात ३९, आणि शिजल्यावर तो भात दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. ५० ग्रॅम कोरडे पोहे: ३८. मध्यम केळं: २३, वेलची केळं त्याच्या निम्मं. उकडलेलं रताळं १०० ग्रॅम: २०. मोठी मूठभर म्हणजे २० ग्रॅम चुरमुरे: १६. एक खजूर: ६. गुळाचा १० ग्रॅमचा खडा: ९.

डाळी-उसळींचं गणित थोडं फसवं. ३० ग्रॅम कोरडी मटकी किंवा तूरडाळ सहा-सात ग्रॅम प्रथिनं देते, पण सोबत १६ ते १८ ग्रॅम कार्बही. ‘वरण म्हणजे प्रोटीन’ असं धरून चालणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो. शाकाहारी माणसाने सव्वाशे ग्रॅम प्रथिनं फक्त डाळीतून काढायची म्हटली तर भातासाठी जागाच उरणार नाही. म्हणून पनीर, घट्ट दही, सोयाबीनच्या वड्या (१०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं), अंडी चालत असतील तर अंडी, आणि खिशाला परवडत असेल तर एक स्कूप व्हे. व्हे म्हणजे शेवटी पनीर करताना फेकून देतो त्या निवळीतलंच प्रथिन. त्याला औषध समजून घाबरायचं कारण नाही.

संध्याकाळी जिमला जाणाऱ्यांसाठी

माझी स्वतःची वेळ हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

संध्याकाळी सात वाजता जिममध्ये शिरणाऱ्या माणसाचं खरं दुखणं हे असतं की त्याचं जेवण दुपारी एकला झालेलं असतं. मध्ये दोन चहा आणि कोणाच्या तरी वाढदिवसाची पाव इंच केकची फोड. सहा तास पोट रिकामं. त्यावर तो स्क्वॉट मारतो, घरी येऊन सॅलड खातो आणि अकरा वाजता फ्रीज उघडतो. रात्रीच्या अकराच्या फ्रीजने जेवढी डाएटं मोडली तेवढी लग्नांच्या जेवणावळींनीही मोडली नसतील.

उपाय: दुपारच्या ताटातली एक पोळी आणि सकाळच्या नाश्त्यातला थोडा भाग काढून साडेपाचला न्यायचा. व्यायामाला जेवढा वेळ असेल त्याप्रमाणे हे ठरवा.

दोन ते तीन तास असतील तर नेहमीचं साधं जेवण चालतं. शरीराच्या किलोमागे एक ग्रॅमपर्यंत कार्ब, सोबत २५-३० ग्रॅम प्रथिनं. पोळी-भाजी-उसळ, दही-भात, जे असेल ते.

तास-दीड तास असेल तर ३० ते ४५ ग्रॅम कार्ब, तेल आणि चोथा कमी. कमी तेलातले पोहे, उपमा, केळं आणि मूठभर चुरमुरे, दुधात किंवा ताकात कालवलेलं सातूचं पीठ. सातू ही आपल्या आज्यांची फार हुशार वस्तू आहे: भाजलेलं असतं, पटकन कालवता येतं, डब्यात आठवडाभर टिकतं.

पंधरा-वीस मिनिटंच उरली असतील तर एक केळं किंवा दोन-तीन खजूर. आणि तीन तासांच्या आत नीट जेवण झालेलं असेल तर काहीच नको, पाणी प्या आणि सुरू करा.

या काळात टाळायचं ते तेल. तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतो. बटाटेवडा खाऊन डेडलिफ्ट (जमिनीवरून वाकून बार उचलणं) करून बघा म्हणजे कळेल. मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहणार नाही. डोंबिवली लोकलने येणाऱ्यांसाठी एक सूचना: सव्वासहाच्या गाडीत डबा उघडता येईल हा भ्रम ठेवू नका. ऑफिसातून निघायच्या आधीच खा.

व्यायाम चालू असताना? तास-सव्वा तासाच्या सत्राला फक्त पाणी. रंगीत एनर्जी ड्रिंकच्या बाटलीतल्या साखरेला तुमच्या २४० ग्रॅममध्ये जागा नाही. मे महिन्यात मुंबई-कोकणाच्या दमटपणात टी-शर्ट पिळून घाम निघत असेल तर लिंबू आणि मीठ घातलेलं पाणी पुरे, साखर नको.

मग रात्रीचं जेवण. इथे भात येतो.

‘सातनंतर कार्ब खाल्ले की चरबी होते’ हा समज किती घट्ट आहे ते मला ठाऊक आहे. घड्याळ बघून चरबी बनत नाही, दिवसाचा हिशेब बघून बनते. २०११ साली इस्रायलमधल्या पोलिसांवर सहा महिन्यांचा एक अभ्यास झाला. एका गटाला दिवसातले बरेचसे कार्ब रात्रीच्या जेवणात दिले, दुसऱ्याला दिवसभर विभागून. कॅलरी सारख्या. रात्री खाणाऱ्यांचं वजन उलट थोडं जास्तच उतरलं आणि त्यांना भूकही कमी जाणवली. यावरून रात्रीचा भात औषध आहे असं म्हणायचं नाही. तो विष नाही, एवढं नक्की.

तर आपल्या ८० किलोच्या माणसाचा व्यायामाचा दिवस साधारण असा दिसेल:

सकाळी ८: दोन पोळ्या, तीन अंड्यांचं ऑम्लेट किंवा पनीर भुर्जी, चहा. कार्ब ४५.

दुपारी १: दोन पोळ्या, मोठी वाटीभर मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक. ७०.

साडेपाच: ५० ग्रॅम पोह्यांची बशी, वर पाण्यातलं व्हे किंवा दोन उकडलेली अंडी. ४५ च्या आत.

रात्री ९: ७५ ग्रॅम तांदळाचा भात, वरण, एक पोळी, चिकन किंवा पनीर, पालेभाजी. ९५.

दिवसभरात कधीतरी एक-दोन फळं: २०-२५.

बेरीज २८० च्या आसपास. ‘पण आकडा तर २४० होता!’ बरोबर. त्याचं उत्तर विश्रांतीच्या दिवसात आहे, तिथे येतोच.

पहाटेच्या मंडळींसाठी

सहा वाजता जिम उघडते, सव्वासहाला तुम्ही बारखाली. पाच वाजता उठून पोहे कोण करणार?

करायची गरज नाही. मघाचे दोन साठे आठवा. रात्रीत यकृताचा साठा उतरतो, स्नायूंचा नाही. झोपेत मांडी कुठे काम करत होती? म्हणजे पहाटेच्या व्यायामाचं इंधन हे आदल्या रात्रीचं जेवण असतं. आणि नेमकं तेच जेवण आपण वजन उतरवताना सूप-सॅलडवर आणतो. पहाटे व्यायाम करणाऱ्याने रात्रीचा भात तोडणं म्हणजे टाकी रिकामी करून गाडी घाटात घालणं.

म्हणून: व्यायामाच्या आदल्या रात्री ६०-८० ग्रॅम कार्ब, वेळेत जेवण. सकाळी उठल्यावर एक केळं किंवा दोन खजूर, काळी कॉफी किंवा चहा चालत असेल तर तो. पोटात काहीच जात नसेल तरी ठीक, पण मग व्यायामानंतरचा नाश्ता लांबवू नका. रिकाम्या पोटी व्यायाम केला की चरबी जास्त ‘जळते’ या आशेवर राहू नका. त्या तासात जास्त जळते खरी, पण बाकीच्या तासांत शरीर हिशेब फेडून टाकतं.

एक मजेदार प्रयोग आहे. २०२० साली ब्रिटनमध्ये नियमित वजनं उचलणाऱ्या पुरुषांना सकाळी तीन वेगवेगळ्या दिवशी तीन गोष्टी दिल्या: कार्बयुक्त घट्ट नाश्ता, तसाच घट्ट पण जवळपास शून्य कॅलरीचा खोटा नाश्ता, आणि नुसतं पाणी. पाण्याच्या दिवशी स्क्वॉटचे रेप कमी पडले. पण खरा आणि खोटा नाश्ता यांत फरक दिसला नाही! म्हणजे सकाळच्या भुकेचा त्रास बराचसा ‘पोट रिकामं आहे’ या जाणिवेचाच होता. ज्याला नाश्त्याची सवय आहे त्याने थोडं काहीतरी खावं. ज्याला नाही, त्याने उगाच कोंबू नये.

साडेसात-आठला व्यायाम संपल्यावर दिवसातला मोठा नाश्ता. दोन घावन आणि अंडी, मुगाचं धिरडं आणि दही, किंवा सरळ भाजी-पोळी. ५०-६० ग्रॅम कार्ब, ३० ग्रॅम प्रथिनं. मग दुपारचं आणि संध्याकाळचं खाणं हलकं करता येतं. बैठ्या नोकरीतली दुपारी तीनची झोपही त्याने कमी होते, हा वरचा फायदा.

दुपारी लंच ब्रेकमध्ये जिम गाठणाऱ्यांचं सोपं आहे: सकाळी दहाला नाश्ता, दीडला व्यायाम, मग जेवण.

व्यायामानंतर किती धावपळ?

‘तीस मिनिटांची खिडकी’ ही कल्पना सायकलपटूंवरच्या संशोधनातून आपल्याकडे घरंगळत आली. १९८८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात सायकलिंगनंतर लगेच कार्ब दिले तर ग्लायकोजेन झपाट्याने भरलं; दोन तास उशिरा दिले तेव्हा भरण्याचा वेग बराच मंदावला. खरंच आहे. पण तुमचा पुढचा लेग डे (पायांच्या व्यायामाचा दिवस) चार दिवसांनी आहे. चोवीस तासांत पुरेसं खाल्लं की कोठार दोन्ही मार्गांनी तेवढंच भरतं.

घाई कोणाला? सकाळी धावून संध्याकाळी वजनं उचलणाऱ्याला, तालमीत दोन वेळ घाम गाळणाऱ्या पैलवानाला. आणि रिकाम्या पोटी व्यायाम केलेल्याला. बाकीच्यांनी घरी या, अंघोळ करा, तास-दीड तासात नीट जेवा. कोल्हापूरच्या तालमीतल्या खुराकाच्या गोष्टी ऐकून व्यायामानंतर बदामाची थंडाई सुरू करणारे मित्र मला माहीत आहेत. पैलवानाचा खुराक पैलवानाच्या मेहनतीसाठी असतो, आपल्या पाऊण तासासाठी नाही.

विश्रांतीचे दिवस, आणि ते ४० ग्रॅम

आठवड्याचे कार्ब २४० गुणिले ७, म्हणजे १,६८०. व्यायामाचे तीन दिवस २८० दिले की ८४० गेले. उरलेले ८४० चार दिवसांत वाटले, प्रत्येकी २१०. आठवड्याचा हिशेब जागच्या जागी.

२१० वर येण्यासाठी मोठी कसरत लागत नाही. साडेपाचच्या पोह्यांऐवजी मूठभर फुटाणे आणि ताक, आणि रात्री पोळी वगळून ७५ ऐवजी ४० ग्रॅम तांदूळ. प्रथिनं मात्र तेवढीच ठेवायची. स्नायू विश्रांतीच्या दिवशीच दुरुस्त होत असतात.

यापेक्षा टोकाला जाऊ नका. एक दिवस ४०० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ५० अशा योजना ऐकायला भारी वाटतात, पाळताना घरातल्यांचा जीव जातो. आणि आकडेमोड नको वाटत असेल तर रोज २४० खा, फक्त त्यातले निम्मे व्यायामाच्या आधीच्या आणि नंतरच्या खाण्यात ठेवा. फायद्यातला मोठा वाटा एवढ्यानेच मिळतो.

प्रत्येक सत्राला सारखं इंधनही लागत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचा निष्कर्ष असा होता की पोटात जेवण असेल तर, शरीराच्या एका भागाचे दहापर्यंत सेट असलेल्या सत्रात जादा कार्बने ताकदीत फारसा फरक पडत नाही. म्हणून पाय आणि पाठीच्या मोठ्या दिवशी भात वाढवा. दंड आणि खांद्यांच्या हलक्या दिवशी विश्रांतीच्या दिवसासारखंच खाल्लं तरी चालतं.

उपास, संकष्टी आणि लग्नं

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याला पूर्वजांनीच सांगून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कार्ब, प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीत त्यावर शेंगदाण्याचा कूट आणि तूप. व्यायामाआधी ती जड पडते. उपास असेल तर आधी उकडलेलं रताळं किंवा केळं आणि नंतर दही, दूध, पनीर असं बसवा.

संकष्टी संध्याकाळी व्यायाम करणाऱ्याला उलट सोयीची आहे. दुपारी रताळं-ताक, संध्याकाळी हलकं सत्र, आणि चंद्रोदयानंतरचं वरणभात-भाजी-पोळीचं ताट हेच तुमचं व्यायामानंतरचं जेवण. पण दिवसभर काहीच न खाता जड डेडलिफ्ट त्या दिवशी नको. वेळापत्रक एक दिवस पुढे सरकवा, बाप्पा काही म्हणत नाहीत.

लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर दाखवतो आणि माणूस खचतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यात पंगतीतल्या मिठाचं पाणी वेगळं. ती चरबी नाही. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन किलो ‘उतरतात’ त्यातलं बरंचसंही हेच पाणी. तेव्हा आनंद मानला नाही, तर आता दुःखही नको. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी लेग डे ठेवा. माझे सगळ्यात चांगले स्क्वॉट आमरसाच्या दुसऱ्या दिवशी झालेत.

वही काय सांगते

रोज सकाळी वजन करा, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. बायकांनी पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी, नाहीतर पाण्याने चढलेला काटा फसवतो. दर रविवारी बेंबीच्या पातळीवर कंबर. आणि प्रत्येक सत्राची वही: किती वजन, किती रेप.

वजन आठवड्याला अर्धा ते पाऊण टक्का उतरतंय आणि वहीतले आकडे जागेवर आहेत: काहीही बदलू नका. हात शिवशिवतात, पण नाही.

आकडे सलग दोन आठवडे घसरले आणि वजन आठवड्याला एक टक्क्याहून वेगाने उतरतंय: कॅलरींची तूट फार मोठी आहे. व्यायामाच्या दिवशी ३०-४० ग्रॅम कार्ब वाढवा, तेही व्यायामाच्या आधीच्या खाण्यात.

आकडे घसरले पण वजनाचा वेग ठीक आहे: आधी झोप तपासा. सहा तासांच्या खाली असेल तर भाताने ती भरून निघणार नाही. झोप ठीक असेल तर दुपारच्या ताटातले २०-३० ग्रॅम संध्याकाळच्या खाण्यात सरकवून दोन आठवडे पाहा.

वजन आणि कंबर दोन्ही तीन आठवडे हललेली नाहीत: रोजच्या १००-१५० कॅलरी कमी करा. कापायचं ते व्यायामापासून दूरच्या खाण्यातून. सकाळच्या चहातली साखर-बिस्किटं, फोडणीतला दुसरा चमचा तेल, दुपारची तिसरी पोळी. व्यायामाच्या आगेमागे वाढलेला भात सगळ्यात शेवटी कापायचा.

हे वाचून लगेच सुरू करू नये, अशांसाठी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम आणि कमी कार्ब मिळून साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागू शकतो. जिमच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर सेट पुरा करायच्या मागे लागू नका. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणारी गोळी घेत असाल तर कार्ब फार खाली आणणं हा वेगळाच धोका आहे, रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) चढतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा वरचा आकडा तुमच्यासाठी नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आयांनी वजन उतरवायचा हा हिशेब लावू नये.

लक्ष्य गाठल्यावर

बहुतेकांचं डाएट इथे मोडतं, कारण शेवटच्या दिवसानंतर काय करायचं ते कोणी ठरवलेलंच नसतं. वजन हवं तिथे आलं की एकदम जुन्या ताटावर जाऊ नका. पहिल्या आठवड्यात व्यायामाच्या दिवशी ३० ग्रॅम कार्ब वाढवा, म्हणजे रात्रीचा भात ७५ वरून ११५ ग्रॅम तांदळावर. काटा पहिल्या चार दिवसांत अर्धा-पाऊण किलो वर जाईल, ते पाणी. पुढच्या आठवड्यात विश्रांतीच्या दिवशी एक पोळी. असं करत सरासरी वजन दोन आठवडे एकाच जागी थांबलं की तो तुमचा नवा आकडा. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी किलोमागे ३० च्या अंदाजाऐवजी तुमच्याकडे तुमचा स्वतःचा आकडा असेल.